घर आणि अंगण : बॉक्सवुडचे हिरवेपण

झाडाचे पान झडू नये, अशी इच्छा माणसाच्या मनात फार पूर्वीपासून वसत आली आहे. वसंतात फुलणारी आणि पावसाळ्यात बहरणारी झाडे त्याला आवडतातच. परंतु कडाक्याच्या थंडीत सारी सृष्टी उघडीबोडकी झाली असता जे झाड आपली पाने सांभाळून उभे राहते, त्याच्याविषयी त्याला काही निराळाच आदर वाटतो. आपल्याकडे आंबा, फणस, वड ही झाडे बारमाही हिरवी असतात, म्हणून या आदराची तीव्रता आपल्याला तितकीशी जाणवत नाही. युरोपच्या थंड देशांत मात्र नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बहुतेक झाडांचे केवळ सांगाडे उरतात. अशा वेळी तेथील अंगणात, मठांच्या आवारात आणि दफनभूमीत जे लहानसे झुडूप हिरवे राहते, ते बॉक्सवुड होय.

आजच्या सदरात या झुडुपाची हकिकत आम्ही सांगणार आहोत. तसे करण्यास दोन कारणे आहेत. आपल्या उपासनेशी या झाडाचा जुना आणि जिव्हाळ्याचा संबंध आहे, हे पहिले. गेल्या तीस वर्षांत त्याच्यावर जे संकट ओढवले आहे, त्यापासून अंगणात चार झाडे लावणाऱ्या कुटुंबानेही शिकण्यासारखे पुष्कळ आहे, हे दुसरे.

शास्त्रज्ञ या झाडाला ‘बुक्सुस सेम्पेर्विरेन्स’ म्हणतात. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘सदा हिरवे’ असा आहे. दक्षिण व पश्चिम युरोप, आफ्रिकेचा वायव्य भाग आणि आशियाचा नैर्ऋत्य भाग ही त्याची मायभूमी. पाने लहान, लंबगोल, चकचकीत आणि समोरासमोर जोडीने येणारी; फुले पिवळसर हिरवी, पाकळ्यांवाचून, सहज नजरेत न भरणारी, परंतु मधमाश्यांना प्रिय. फळाला तीन शिंगे असतात आणि आत काळे तुळतुळीत बी. वाढ इतकी सावकाश की, वर्षाकाठी वीतभर वाढले तरी पुष्कळ झाले. मात्र या सावकाशपणाचे फळही मोठे आहे. एकदा रुजलेले झाड शंभर वर्षे सहज टिकते, आणि कितीही कातरले तरी नवे धुमारे फोडून पुन्हा भरून येते. म्हणूनच वाफ्यांच्या कडा, पायवाटांची कुंपणे आणि कातरून केलेले गोल, शंकू, पक्षी इत्यादी आकार यांसाठी माळ्यांनी दोन हजार वर्षे या झाडाला हाती धरले. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने आपल्या तस्कनीतील बागेचे वर्णन एका पत्रात केले आहे. त्या बागेत बॉक्स कातरून अक्षरे उभी केली होती. त्यांत कोठे धन्याचे नाव वाचता येई, तर कोठे माळ्याचे. फ्रान्समध्ये विलांद्री येथील वाड्याची भाजीबाग प्रसिद्ध आहे. तेथे कोबी, गाजर, भोपळा यांसारख्या रोजच्या भाज्यांच्या नऊ चौकोनांना बॉक्सच्या बुटक्या कडा आहेत. भाजीचा वाफा हासुद्धा नीटनेटका आणि शोभिवंत असू शकतो, हे शेतकरी कुटुंबाने त्या बागेकडून घ्यावे.

बॉक्सचे लाकूड पिवळसर, अत्यंत घट्ट आणि इतके जड असते की ओला ओंडका पाण्यात बुडतो. त्यामुळे फण्या, बासऱ्या, मोजपट्ट्या, डब्या यांसाठी त्याला जगभर मागणी होती. इंग्लंडात टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) या कारागिराने याच लाकडाच्या आडव्या छेदावर कोरीव चित्रे काढून ती छापण्याची रीत नावारूपास आणली. पुढे छायाचित्रे छापण्याची सोय होईपर्यंत कितीतरी दशके वृत्तपत्रांतील चित्रे बॉक्सच्या ठोकळ्यांवरूनच वाचकांच्या घरी पोहोचली. १५०० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये जपमाळेला अडकविण्याजोगे अक्रोडाएवढे मणी या लाकडातून कोरीत असत. तो मणी उघडला की आत प्रभूच्या जन्माचा किंवा क्रूसावरील मरणाचा सबंध प्रसंग, माणसे, घोडे आणि भाले यांसह, नखाएवढ्या जागेत दिसे. असे काही मणी आजही मोठ्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

याहून जवळची गोष्ट पुढेच आहे. घरातले कोणी अंथरुणाला खिळले असता आपले धर्मगुरू त्याच्यासाठी पवित्र कम्युनियन घेऊन येतात. ज्या लहानशा डबीत ते पवित्र कम्युनियन ठेवलेले असते, तिला ‘पिक्स’ म्हणतात. ग्रीक भाषेत बॉक्सच्या झाडाला ‘पिक्सोस’ आणि त्याच्या लाकडाच्या डबीला ‘पिक्सिस’ म्हणत. तोच शब्द लॅटिनमधून आपल्या देवळांपर्यंत आला. आज ती डबी धातूची व आतून सोन्याचा मुलामा दिलेली असते. तरी तिच्या नावात ते झाड राहिले आहे. इंग्रजीतील ‘बॉक्स’ हा पेटीवाचक शब्दही याच घराण्यातला. पवित्र शास्त्रात यशयाच्या ४१ व्या आणि ६० व्या अध्यायांत वाळवंट हिरवे होण्याचे व देवाचे पवित्र स्थान शोभिवंत करण्याचे वचन देताना ज्या वृक्षांची नावे येतात, त्यांत संत जेरोम यांनी आपल्या लॅटिन भाषांतरात बॉक्सचे नाव घातले आहे. मूळ हिब्रू शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि काही नवी भाषांतरे तेथे सरू म्हणतात. तथापि शेकडो वर्षे युरोपच्या भाविकांनी त्या वचनात आपल्याच दारचे झुडूप पाहिले, हे खरे.

झावळ्यांच्या रविवारी आपण गोव्यात किंवा कोकणपट्टीत माडाची झावळी हाती घेतो. यरुशलेमेच्या लोकांनी खजुराच्या फांद्या घेतल्या, आणि माड हा खजुराचा जवळचा नातलग. त्यामुळे आपल्याला हे सहज जमते. फ्रान्स, दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया अशा देशांत मात्र खजूर कोठून आणावा? म्हणून तेथील खेड्यांनी त्या ऋतूत जे हिरवे सापडले तेच प्रभूच्या स्वागतास आणले. इटलीत जैतून, काही ठिकाणी वाळुंजाच्या डहाळ्या, आणि पुष्कळ ठिकाणी बॉक्स. फ्रान्समधील कुटुंबे आशीर्वादित बॉक्सची डहाळी घरातील क्रूसामागे खोवून वर्षभर ठेवीत; कोणी ती गोठ्यात, तर कोणी शेताच्या बांधावर लावी. घरात कोणी मरण पावले म्हणजे शवाजवळ पवित्र पाण्याचे भांडे ठेवून त्यात तीच डहाळी घालीत, आणि दर्शनास येणारा प्रत्येक जण तिने पाणी शिंपडून मृतासाठी प्रार्थना करी. उत्तर इंग्लंडच्या काही भागांत प्रेतयात्रेपूर्वी दारात बॉक्सच्या डहाळ्यांनी भरलेले ताट ठेवीत. येणारा एकेक डहाळी उचली आणि शेवटी ती थडग्यात सोडी. वर्ड्‌स्वर्थ या कवीच्या १८०० साली प्रसिद्ध झालेल्या एका कवितेत या चालीचा उल्लेख आहे. जे झाड हिवाळ्यात मरत नाही, ते पुनरुत्थानाच्या आशेची खूण म्हणून हाती घ्यावे, हा त्यामागील भाव उघड आहे.

आता जोपासनेकडे वळू. युरोपातील माळी जे नियम पाळतात, त्यांपैकी बहुतेक कोणत्याही सदाहरित कुंपणाला लागू पडतात. म्हणून ते थोड्या विस्ताराने देत आहोत.

बॉक्सला चुनखडीची, पाणी न साठणारी जमीन मानवते. इंग्लंडच्या सरे परगण्यात बॉक्स हिल नावाची चुनखडीची टेकडी आहे. तिला हे नावच तेथे उगवणाऱ्या बॉक्समुळे मिळाले. मुळाशी पाणी तुंबले तर झाड कुजते. मुळे वरच्या थरात पसरत असल्यामुळे बुंध्याजवळ खोल कुदळणे वर्ज्य. त्याऐवजी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. नवी रोपे पहिली दोन वर्षे मुळाशी पाणी देऊन जपावी लागतात. हिवाळ्यात पाने तांबूस पडली तर झाडाला अन्न कमी पडते किंवा मुळांना त्रास होतो आहे, असे समजावे.

रोपे कलमांपासून करतात. उन्हाळा सरता सरता, त्या वर्षीच्या अर्धवट जून झालेल्या फांदीचे १० ते १५ सेंटीमीटर लांबीचे तुकडे काढून, खालची पाने उतरवून, वाळूमिश्रित मातीत सावलीला खोचतात. मुळे फुटण्यास कित्येक आठवडे, कधी पुढचा वसंत ऋतूही उजाडतो. उतावळ्याचे हे काम नव्हे. बुटकी कड करावयाची असल्यास दोन रोपांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर ठेवतात.

कातरणीसाठी इंग्लंडात जूनचा आरंभ ही जुनी वेळ आहे. त्यावेळी गारठ्याची भीती संपलेली असते आणि वसंतातील पहिली पालवी जून झालेली असते. कातरणी ढगाळ दिवशी करावी. कडक उन्हात नव्याने उघडी पडलेली पाने करपतात. कुंपणाचा माथा पायथ्यापेक्षा किंचित अरुंद ठेवावा, म्हणजे तळाच्या पानांनाही प्रकाश मिळतो व कुंपण खालून उघडे पडत नाही. कातरलेला पाला गोणपाटावर गोळा करून दूर करावा. बॉक्सची पाने गुरांना व शेळ्यांना विषारी आहेत, म्हणून हा पाला गोठ्याच्या वाटेवर चुकूनही टाकू नये.

इतकी काळजी घेतली की झाड पिढ्यान्‌पिढ्या टिके. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीपासून एकामागून एक दोन शत्रू आले. पहिला एक बुरशीरोग. तो १९९० नंतरच्या दशकात प्रथम इंग्लंडात आढळला, तेथून युरोपभर पसरला आणि २०११ मध्ये अमेरिकेतही दिसून आला. पानांवर तपकिरी ठिपके, कोवळ्या फांद्यांवर काळ्या रेघा, आणि मग पाहता पाहता पाने गळून झाडाची काटकुळी होते. ही बुरशी ओलाव्यात फोफावते; तिचे चिकट बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांनी, माळ्याच्या कात्रीने आणि कपड्यांनी एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. दुसरा शत्रू पूर्व आशियातील एक पतंग. तपकिरी कडांच्या पांढऱ्या पंखांचा हा सुंदर कीटक २००७ मध्ये जर्मनीत सापडला. त्याची हिरवी-पिवळी, काळ्या डोक्याची अळी पानांभोवती जाळे विणून आत बसते आणि पाने संपली की साल कुरतडते. युरोपात वर्षाला तिच्या दोन-तीन पिढ्या होतात. शंभर वर्षे जपलेले कुंपण एका उन्हाळ्यात वाळून जाते.

ही अळी आशियातून युरोपात उडत आली नाही. माणसांनी रोपवाटिकांतून विकत घेतलेल्या रोपांबरोबर तिला घरी आणले. याचे सर्वांत दुःखद उदाहरण काळ्या समुद्राच्या पूर्व काठावर घडले. रशियातील सोची शहरी २०१४ साली हिवाळी ऑलिंपिक व्हावयाचे होते. शहर लवकर हिरवे दिसावे म्हणून इटलीहून बॉक्सची रोपे आणली गेली, आणि २०१२ मध्ये त्यांच्याबरोबर ही अळीही उतरली. त्या भागात बॉक्सची नुसती कुंपणे नव्हती. डोंगरउतारांवर शेकडो वर्षांची, शेवाळाने मढलेली बॉक्सची वने होती. काही वर्षांतच ती वने मोठ्या प्रमाणावर वाळली, आणि संकट शेजारच्या जॉर्जिया देशातही शिरले.

जॉर्जियाच्या भाषेत बॉक्सला ‘ब्जा’ म्हणतात. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बांधवांत झावळ्यांच्या रविवाराचे नाव ‘ब्जोबा’, म्हणजे बॉक्सचा सण, असे आहे. त्या दिवशी सारा देश बॉक्सच्या डहाळ्या घेऊन देवळात जातो. वाचकहो, थोडा विचार करावा. ज्या झाडावरून सणाला नाव मिळाले, तेच झाड वनातून नाहीसे होऊ लागले तर त्या लोकांनी काय करावे? उरलेल्या झाडांच्या डहाळ्या सणासाठी तोडाव्यात, की झाड वाचावे म्हणून रिकाम्या किंवा दुसऱ्या पानांच्या हातांनी देवळात जावे? आमच्या मते याचे उत्तर कठीण असले तरी स्पष्ट आहे. प्रभू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी हाती लागले ते त्याच्या वाटेत पसरले. कोणी फांद्या, कोणी अंगावरची वस्त्रे. स्वागताचे मोल पानाच्या जातीत नव्हते. वस्त्र पसरणाऱ्याचेही स्वागत प्रभूने नाकारले नाही. डहाळी हे भक्तीचे साधन आहे. साधनासाठी झाडाचा जीव घेणे ही भक्ती नव्हे.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा आहे असेही समजू नये. झावळ्यांच्या रविवारी क्रूस विणण्यासाठी माडाचे कोवळे, न उमललेले पान फार सोयीचे पडते. परंतु माडाला वाढीचा कोंभ एकच असतो. तो शेंड्याशी, याच कोवळ्या पानांच्या पोटात दडलेला असतो. कोयत्याचा घाव तेथे लागला तर तीस-चाळीस वर्षे फळ देणारे झाड मरते. म्हणून क्रूसासाठी पान अनुभवी पाडेल्याकडूनच काढून घ्यावे, एका माडाचे एकच घ्यावे, आणि सबंध धर्मग्रामाला पुरेल इतके वाटून घ्यावे. उरलेल्या मिरवणुकीला खालची जून झावळी पुरेशी आहे. पुढील वर्षी राखेच्या बुधवारी कपाळावर लागणारी राख जुन्या झावळ्यांचीच असते, आणि कोवळ्या पानाच्या व जून पानाच्या राखेत काही भेद नाही.

आता साहजिकच कोणी विचारील, बॉक्सवुड आपल्या अंगणात लावावे काय? आमचे प्रामाणिक मत असे की, गोव्याच्या दमट उष्म्यात, बेळगावच्या मुसळधार पावसात किंवा इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या वैशाखातील उन्हात युरोपी बॉक्स सुखाने नांदत नाही. डोंगरावरील थंड हवेत किंवा फार तर सावलीतील कुंडीत ते काही काळ रमते. पण देवळाच्या कुंपणासाठी त्यावर पैसे खर्च करणे शहाणपणाचे नव्हे. बॉक्सचे एक भावंड हिमालयाच्या पश्चिम भागात आहे. जम्मूच्या राजौरी भागात त्याला ‘चिकरी’ म्हणतात. तेथील कारागीर त्याच्या नाजूक फण्या आणि चमचे कोरतात. हैदराबादच्या वाचकांना उर्दू कवितेतला डौलदार ‘शमशाद’ ठाऊक असेल. फारसीत हे नाव बॉक्सचेच आहे.

आपल्या हवेत बॉक्सचे काम करणारी झाडे निराळी आहेत. पहिले कुंती, ज्याला कामिनीही म्हणतात. बारीक चकचकीत पाने, पावसाळ्यात पांढरी सुगंधी फुले आणि कातरणीस उत्तम. इंग्रज माळी त्याला ‘चायना बॉक्स’ म्हणत, यावरून साम्य ध्यानी यावे. मात्र कुंती ही लिंबाच्या कुळातली. संत्रा, मोसंबी, लिंबू यांच्या बागांत ‘ग्रीनिंग’ रोग पसरविणारी सिट्रस सायला नावाची लहानशी कीड कुंतीवर आनंदाने वाढते. ज्यांच्या परसात लिंबाची किंवा मोसंबीची झाडे आहेत, त्यांनी कुंतीचे कुंपण टाळावे. त्यांच्यासाठी कोयनेल बरी. ती समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातही टिकते, पाने कडू असल्यामुळे शेळ्या तिच्याकडे फिरकत नाहीत, आणि पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीचे तुकडे जमिनीत खोचले की बहुतेक जगतात. ती झपाट्याने वाढते, म्हणून कात्री मात्र वरचेवर चालवावी लागते. कोरड्या, उष्ण भागात मेंदीचे कुंपण जुने आणि भरवशाचे. ते दाट होते आणि पानेही घरच्या उपयोगी पडतात.

झाड कोणतेही लावा. बॉक्सच्या संकटातून घेण्याचे धडे सर्वांना सारखेच लागू आहेत. रोपे शक्यतो गावातल्याच निरोगी झाडाच्या फांद्यांपासून करावीत. विकत आणलेले रोप लगेच इतर झाडांत न लावता काही आठवडे वेगळे ठेवावे आणि पाने उलटून पाहावीत. एका झाडाची कात्री दुसऱ्याला लावण्यापूर्वी ती धुवून, शक्य तर स्पिरिटाने पुसून घ्यावी. पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी द्यावे. गळलेली रोगट पाने उचलून जाळावीत. सबंध कुंपण एकाच जातीचे करण्यापेक्षा दोन-तीन जाती मिसळाव्यात, म्हणजे एक रोगाला बळी पडली तरी आवार उघडे पडत नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी, हातात कात्री नसतानाही, झाडाजवळून चालत जावे. युरोपात ज्यांची कुंपणे वाचली, त्यांनी बहुधा अळीचे पहिले जाळे वेळीच पाहिले, ते हाताने वेचून टाकले आणि मगच औषधाचा विचार केला.

‘सदा हिरवे’ या नावाने एक गैरसमज होतो. ज्या झाडाची पाने झडत नाहीत त्याकडे पाहण्याची गरज नाही, असे आपल्याला वाटू लागते. वस्तुतः सदाहरित झाडाचीही पाने म्हातारी होऊन गळतच असतात. नवी येत राहतात म्हणून ती गळती दिसत नाही, एवढेच. जेव्हा नवी येणे थांबते तेव्हा मात्र झाडाचा सांगाडा एकाएकी उघडा पडतो. घरातील प्रार्थनेचेही असेच आहे. संध्याकाळची जपमाळ वर्षानुवर्षे चालत आलेली असली की ती आपोआप चालेल असे वाटते. परंतु तीही रोज कोणीतरी सुरू करावी लागते.

या पावसाळ्यात देवळाच्या किंवा दफनभूमीच्या आवारात कुंपण लावण्याचा ज्या धर्मग्रामांचा बेत असेल, त्यांनी प्रथम गावातील जुन्या जाणत्या शेतकऱ्याला विचारावे, आपल्या मातीत काय टिकते हे पाहावे, आणि लावलेल्या प्रत्येक दहा रोपांमागे एका कुटुंबाचे नाव निश्चित करावे. दोन वर्षे पाण्याची आणि पाहणीची जबाबदारी त्या कुटुंबाची. रोपे लावणारे हात पुष्कळ मिळतात. चैत्र-वैशाखात घागर घेऊन येणारे हात आधीच ठरवून ठेवावे लागतात.